मूळ कागदाशी ताडून पाहिले

माझा शिक्का रबरी आहे, लंबगोल आहे आणि त्यावर तीन ओळी आहेत. पहिलीत माझं नाव, दुसरीत 'फ्रेंच अनुवादक', आणि तिसरीत 'मूळ कागदाशी ताडून पाहिले'. हा शिक्का मी एकतीस वर्षं मारला. गेल्या वर्षी कसबा पेठेतली खोली सोडली तेव्हा टेबल दिलं, कपाट दिलं, शब्दकोश एका कॉलेजला दिले. शिक्का मात्र बिबवेवाडीला घरी घेऊन आले. त्याचं काय करायचं ते अजून ठरत नाही. तिसरी ओळ वाचली की मला एक कागद आठवतो. या लेखात मला त्याच कागदाबद्दल लिहायचं आहे, पण एकदम तिथे जायचा धीर होत नाही, म्हणून थोडं इकडचं तिकडचं आधी सांगते.

अनुवादक म्हटलं की लोकांना कादंबऱ्या आठवतात. "काय काय अनुवादित केलंत?" असं कुणी कौतुकाने विचारलं की मी म्हणायची, "जन्माचे दाखले." पुढे संभाषण फारसं चालत नसे. परदेशी शिकायला, नोकरीला, नांदायला जाणाऱ्यांचे कागद आणि तिकडून इकडे येणाऱ्यांचे कागद, हा माझा धंदा. दाखले, गुणपत्रिका, लग्नाची नोंद, घटस्फोटाचे निकाल, मृत्यूचे दाखले. माणसाच्या आयुष्यातलं जे जे सरकारला मान्य आहे, ते सगळं माझ्या टेबलावरून गेलं.

मी या धंद्यात आले ती घरच्या वळणामुळे. छप्पन साली दीक्षा घेतलेलं आमचं घर. आजोबांना सही करता येत नव्हती, पण पत्र्याच्या एका पेटीत त्यांनी घरातल्या प्रत्येकाचा प्रत्येक कागद जपून ठेवला होता. "तोंडाने आपण काहीही सांगू, कोण ऐकतंय? कागद दाखवला की ऐकतात," असं ते म्हणायचे. वडील दारूगोळा कारखान्यात कारकून झाले ते त्या पेटीतल्या शाळेच्या दाखल्यावर. त्यामुळे कागदाबद्दल आदर मला लहानपणापासूनच होता. फ्रेंच नंतर आली, ती शिष्यवृत्तीवर.

धंदा शिकवला तो आमच्या सरांनी. सर मोजकं बोलत आणि जे बोलत ते लागेल असंच बोलत. कागदावर जे आहे ते सगळं उतरवायचं, असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. म्हणजे नुसता मजकूर नव्हे. शिक्का, खाडाखोड, समासातलं टिपण, फाटलेला कोपरा, शाईचा डागसुद्धा. कागदावर जे नाही ते मनाने घालायचं नाही, दया आली तरी नाही. आणि मूळ कागद हातात घेऊन, खिडकीशी धरून, पाठपोट पाहिल्याशिवाय शिक्का मारायचा नाही. जे वाचताच येत नाही तिथे चौकटी कंसात 'अवाच्य' लिहायची आमच्यात पद्धत आहे. त्याबद्दल सर म्हणाले होते, "हा शब्द महिन्यातून एकदा वापरावा. जास्त लागला तर डोळे तपासून घ्यावेत."

माझी खोली तांबट आळीच्या तोंडाशी, पहिल्या मजल्यावर होती. खाली दिवसभर तांब्याच्या पातेल्यांवर हातोडे पडत. फोनवर परदेशातली माणसं विचारत, "तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का?" मी म्हणे, "हो, पेशवाईपासून." त्या ठोक्यांची मला इतकी सवय झाली होती की अमावास्येला आळी बंद असली की माझं टायपिंग चुकायचं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. बिबवेवाडीचे एक दुकानदार मुलाची गुणपत्रिका घेऊन आले होते. मुलगा फ्रान्सला निघालेला. कागद पुढे सरकवून हळूच म्हणाले, "मॅडम, ते एटीकेटीचं तेवढं गाळता येईल का?"

"येईल की. मुलाला पुन्हा परीक्षेला बसवा, बोर्डच गाळून देईल."

गृहस्थ रागावून गेले आणि तासाभराने तोच कागद घेऊन परत आले, कारण पेठेत फ्रेंचवाली मी एकटीच होते. खराडीची आयटीतली मुलं तर खोलीवर येतच नसत. मेल यायची, 'मॅम, अर्जंट आहे, ईओडीपर्यंत प्लीज.' मूळ कागद आणून दाखव म्हटलं की त्यांना मी राणी छाप रुपयाच्या काळातली वाटायची.

एक बाई आठवतात. नवऱ्याने तिकडून घटस्फोट घेतला होता आणि तेरा पानी निकाल टपालाने धाडला होता. त्यांना तो मराठीत हवा होता. मी वाचून दाखवत गेले, त्या ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "यात माझं नाव किती वेळा आलंय हो?" मी पाहिलं. दोनदा आलं होतं. बाकी सगळीकडे 'प्रतिवादी'. त्या म्हणाल्या, "बरं," आणि पिशवी उचलून गेल्या. मला त्या वेळी काहीतरी बोलायला हवं होतं. पण कागदावर नाही ते घालायचं नाही, हा नियम मी तोंडालाही लावून घेतला होता.

आता ओदिल.

ओदिल आली तेव्हा पुण्यात संगणकाचा अभ्यासक्रम करत होती. आफ्रिकेतल्या एका देशातली. देशाचं नाव लिहीत नाही, कारण आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाची गोष्ट खोलीबाहेर जात नाही, आणि ही एक गोष्ट जातेय ती तिच्या परवानगीने, नावं बदलून. तिथे अनेक वर्षं आपसातलं युद्ध झालं, सरकारची फौज एकीकडे आणि बंडखोर दुसरीकडे. दोन्हीकडे एकाच देशाची, कधीकधी एकाच घरातली माणसं. ओदिलचे दोघे भाऊ बंडखोरांत होते. थोरला गाब्रिएल आणि धाकटा लुका. लुका त्यांच्यात गेला तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता. थोरल्याच्या मागे मागे गेला, जसा तो विहिरीवर आणि बाजाराला जायचा.

ती आली तो दिवस गणेशोत्सवातला होता. संध्याकाळी पाचनंतर पेठेत वाहनं बंद, आणि तिला त्याआधी कुरियर गाठायचं होतं. घामाघूम होऊन जिना चढून आली आणि पाठपिशवीतून एक कागद काढून तिने माझ्यासमोर ठेवला. चकचकीत लॅमिनेशन केलेला.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"कोपऱ्यावरच्या दुकानात. ते काका म्हणाले, महत्त्वाचा कागद आहे ना, मग लॅमिनेशन करून टाक." एवढं वाक्य तिने मराठीत म्हटलं. बाकी आम्ही फ्रेंचमध्ये बोललो, आणि फ्रेंचमध्येही ती मला अहो-जाहोच करत होती.

पुण्यात ज्या कागदावर माणसाचा जीव असतो त्याचं तो लॅमिनेशन करतो आणि मग त्या कागदाचा श्वास कोंडतो. शाई पसरते, बुडबुडे येतात, उजेडात धरला तर नुसती चकाकी. मी तिला चार शब्द ऐकवले आणि कागद वाचायला घेतला.

युद्ध संपल्यावर बंडखोरांना छावण्यांत बोलावून शस्त्रं खाली ठेवायला लावली होती. ज्याने ठेवली त्याला घरी जाण्यासाठी हा कागद मिळे. वर लिहिलेलं होतं, पॅरोल. आपल्याकडे हा शब्द येरवड्याच्या भिंतीआडून बाहेर येतो, कैद्याची रजा म्हणून. मुळात तो फ्रेंचमधला, आणि त्याचा अर्थ दिलेला शब्द. खाली पाच ओळी होत्या. कागद बाळगणाऱ्याने शस्त्र खाली ठेवले आहे. पुन्हा हाती न घेण्याचा शब्द दिला आहे. त्याला आपल्या घरी जाण्याची मुभा आहे. तो शब्द पाळील तोवर वाटेत वा घरी त्याला कोणीही त्रास देऊ नये. पाचवीत गाब्रिएलचं नाव आणि गावाचं नाव, खाली अंगठ्याएवढा फोटो आणि सही.

मी एकतीस वर्षांत असा कागद दुसरा पाहिला नाही. आख्खं युद्ध पाच ओळींत मिटवलेलं. मी हरखून गेले, हे कबूल करते. ती चौथी ओळ इंग्रजीत तितक्याच साधेपणाने कशी आणावी यात माझा पाऊण तास गेला. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. अनुवादकाला एखादं वाक्य आवडलं की तो त्या वाक्याचाच होऊन बसतो आणि कागद कशासाठी आला आहे ते विसरतो.

कशासाठी आला होता, ते ओदिल त्या पाऊण तासात सांगत होती. मी अर्धं ऐकत होते. गाब्रिएल घरी परतला, लुका परतला नाही. आईने गाब्रिएलला दारातच विचारलं, लुका कुठे? तो म्हणाला, "वाटेत माझ्याबरोबर होता. छावणीत लहान म्हणून त्याला वेगळा कागद दिला नाही, तुझ्याच कागदावर घेऊन जा म्हणाले. तिसऱ्या नाक्यापर्यंत आम्ही दोघं आलो. तिथे एक ट्रक मिळाला, त्यात एकाचीच जागा होती. लुकाला ताप होता म्हणून त्याला बसवलं. मी मागून चालत आलो. चौथ्या नाक्यावर तो ट्रक पोचलाच नव्हता."

आईने ते मानलं नाही. तिच्या मते लुका युद्धातच मेला होता, कुठल्यातरी रानात, आणि थोरला त्याला तिथे टाकून एकटा परत आला होता. लुका काय आपणहून गेला होता, त्याला नेलं कुणी, मग परत आणलं का नाही, असं ती म्हणत राहिली. गाब्रिएल खिशातून हा कागद काढून म्हणायचा, "कागदावर आहे." आईला वाचता येत नव्हतं. त्यालाही नीटसं नाही. गावातल्या मास्तरांना दाखवला, त्यांनी पुढची बाजू वाचली आणि म्हणाले, यावर एकाच माणसाचं नाव आहे. झालं. त्यानंतर सहा वर्षं, गाब्रिएल आजारी पडून जाईपर्यंत, आई त्याला दोन वेळा वाढायची पण त्याच्याशी बोलली नाही.

आता युद्धात हरवलेल्यांचा माग काढणारी एक संस्था अर्ज घेत होती, कागद तिला इंग्रजीत हवे होते. लुका युद्ध संपल्यानंतर जिवंत होता असा एखादा लेखी पुरावा असेल तर शोध घेणार, नसेल तर तो युद्धातल्या मृतांत धरणार. ओदिलकडे हा एकच कागद होता.

"भाऊ म्हणायचा, कागदावर आहे," ती म्हणाली. "मला काही सापडत नाही, मॅडम. तुम्ही बघा."

मी कागद उलटला. मागे एकाखाली एक चार गोल शिक्के, नाक्यांचे. शाई फुटलेली. प्रत्येकाशेजारी पेनाने काहीतरी गिरबटलेलं, एक वाकडं अक्षर आणि पुढे ओरखडे. वर लॅमिनेशनचा बुडबुडा. साडेचार वाजले होते, खाली ढोल सुरू झाले होते. मी लुकाचं नाव शोधलं. नाव नव्हतं. मी तो कागद खिडकीशी नेला नाही. भिंग खणात होतं, ते काढलं नाही. टाइप केलं: [मागील बाजूस चार गोल शिक्के, शेजारील हस्तलिखित खुणा अवाच्य]. मग शिक्का मारला, तोच, तिसऱ्या ओळीचा.

"लुकाचं नाव कुठेही नाही," मी तिला सांगितलं. ती धावत जिना उतरून गेली, कुरियर मिळालं.

दोन महिन्यांनी संस्थेचं उत्तर आलं. लेखी पुरावा नाही, सबब प्रकरण बंद. ओदिल ते पत्र दाखवायला मुद्दाम आली होती. येताना पेढे घेऊन आली, कारण तिला खराडीत नोकरी लागली होती. मी पेढा खाल्ला. ती म्हणाली, "तुमचा काय दोष, मॅडम? कागदावर नाही तर नाही. आईलाही फोनवर तसंच सांगितलं."

या गोष्टीला तीन वर्षं झाली. खोली बंद केल्यावर फ्रेंच शिकवणाऱ्या एका संस्थेने नव्या अनुवादकांसाठी वर्ग घ्याल का म्हणून विचारलं. विषय मीच सुचवला, हस्ताक्षर कसं वाचावं. त्यात माझा हात धरणारं कुणी नाही असा माझा समज होता. डॉक्टरांची, नोटरींची, पाद्र्यांची अक्षरं मी काढून ठेवली. शेवटी 'अवाच्य' कधी लिहावं याचं उदाहरण हवं होतं, तेव्हा मला ओदिलचा कागद आठवला. तिने दिलेलं स्कॅन माझ्याकडे होतं. पुढची बाजू दाखवायचा प्रश्नच नव्हता, मागची घेतली. नाव-गाव काही दिसत नव्हतं.

वर्गात बाराजण होते. त्यांत मांजरीकडचे एक निवृत्त सुभेदार, सत्तरीला आलेले. लेक कॅनडात, नात फक्त फ्रेंच बोलते, म्हणून आजोबा त्याच संस्थेत फ्रेंच शिकत होते आणि याही वर्गाला येऊन बसले होते. क्रियापदं त्यांना जन्मात जमणार नव्हती, पण एक तास चुकवत नसत. मी प्रोजेक्टरने तो कागद भिंतीवर पाडला. माणसाच्या उंचीएवढे शिक्के दिसायला लागले. मी म्हटलं, "हे पाहा. शाई फुटलेली, अक्षर लागत नाही. इथे प्रामाणिकपणे अवाच्य लिहावं."

सुभेदारांनी हात वर केला. "मॅडम, येक इचारू का? ह्ये अवाच्य कसं?"

"तुम्हाला वाचता येतंय?"

"वाचायचं न्हाईच हाय त्ये. मोजायचं हाय." ते उठून भिंतीपाशी गेले. "आमी बी नाक्यावर असंच करायचो. मागं रांग लागल्याली असती, नावं कोन लिवत बसतंय? पास बघायचा, शिक्का हानायचा, बघितलं म्हून एक खूण करायची, आन् पासासंगं मानसं किती हायती तेवढ्या काठ्या वढायच्या." त्यांनी बोट लावून दाखवलं. "ह्यो पैला नाका, दोन. दुसरा, दोन. तिसरा, दोन. आन् ह्यो चौथा, एक." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिसऱ्याच्या फुडं येक मानूस कमी झाला की, मॅडम."

वाकडं अक्षर म्हणजे 'पाहिले' याचं फ्रेंच आद्याक्षर होतं. भिंतीवर ते शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. वर्ग पुढे कसा संपवला मला आठवत नाही. घरी येऊन मी चपलाही न काढता बाहेरच्या खोलीत बसून राहिले. मी नाव शोधत होते. गाब्रिएल कुठे म्हणाला होता की नाव आहे? तो म्हणाला होता, कागदावर आहे. होतंच.

दुसऱ्या दिवशी खराडीला गेले. ओदिल एका कंपनीत फ्रेंच ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकते. जेवणाच्या सुट्टीत ती गेटाबाहेर चहाच्या टपरीपाशी आली, गळ्यात ओळखपत्र, हसतमुख. "बोला मॅडम, इतक्या लांब कशा?"

मी सगळं सांगितलं. स्कॅन छापून नेलं होतं, मोठं करून. तिने ते हातात धरलं आणि बोटाने रेघांवरून गेली. मग तिने एकच प्रश्न विचारला.

"तेव्हा दिसत नव्हतं, का तुम्ही बघितलं नाही?"

सबब म्हणून माझ्याजवळ लॅमिनेशन होतं, ढोल होते, कुरियर होतं. "बघितलं नाही," मी म्हटलं.

तिने चहा न पिता टपरीवर परत ठेवला. "तीन वर्षांपूर्वी मी आईला फोनवर सांगितलं की पुण्यातल्या बाई म्हणतात, कागदावर काही नाही. ती म्हणाली, मला माहीतच होतं. तिने गाब्रिएलचा एकच फोटो होता तो भिंतीवरून काढला." एवढं बोलून ती गेटातून आत गेली. मी रिक्षा न करता बराच वेळ चालत राहिले. मला रडू येत होतं आणि आजूबाजूला सगळी तरणी मुलं कानात यंत्रं घालून एकटीच बोलत चालली होती.

पंधरा दिवस तिचा फोन नाही. मीही केला नाही, कोणत्या तोंडाने करणार? मग एक दिवस निरोप आला, 'रविवारी दुपारी येऊ का? मूळ कागद आणते.'

ती आली. मी कागद खिडकीशी धरला, पाठपोट पाहिला, भिंग लावलं. जे तीन वर्षांपूर्वी पाच मिनिटांत व्हायला हवं होतं ते केलं. मग दुरुस्त अनुवाद लिहायला बसले. पहिला शिक्का, शेजारी 'पाहिले', दोन उभ्या रेघा. दुसरा, दोन उभ्या रेघा. तिसरा, दोन उभ्या रेघा. चौथा, एक उभी रेघ. आणि खाली, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, कागदावर नसलेलं एक वाक्य घातलं: 'या रेघा नाक्यावरून गेलेल्या माणसांची संख्या दाखवतात असे अनुवादकाचे मत आहे, पूर्वीच्या अनुवादातील अवाच्य हा शेरा अनुवादकाची चूक होती.' शिक्का मारला. माग काढणाऱ्या संस्थेला तो पाठवलाय. प्रकरण पुन्हा उघडतील की नाही, हे लिहीपर्यंत कळलेलं नाही.

ओदिल कागद पुढ्यात घेऊन बसली होती. "आईला सांगू का?" तिने विचारलं. "सांगितलं तर गाब्रिएल खरा ठरतो. पण मग ती सहा वर्षं त्याच्याशी बोलली नाही, त्याचं ती काय करेल? तिचं वय झालंय."

मी शिक्का पुसून बाजूला ठेवला. ती म्हणाली, "तुमचा नियम काय आहे? कागदावर आहे ते सगळं सांगायचं ना?"

"कागदाचा नियम आहे तो, बाळा. माणसांचा मला ठाऊक नाही."

मग तिनेच फोन लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. त्या आईची भाषा फ्रेंच नाही, त्यांची स्वतःची आहे. मला तिचा एक शब्द येत नाही. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. ओदिल हळूहळू बोलत गेली. मग तिने कागदावर बोट ठेवलं आणि एक शब्द म्हणाली. बोट खाली सरकवलं, पुन्हा तोच शब्द. पुन्हा सरकवलं, पुन्हा तोच. चौथ्या वेळी वेगळा शब्द आला. एवढं मला अनुवादाशिवाय कळलं.

पलीकडे कितीतरी वेळ फक्त कोंबड्या. मग म्हातारीचा आवाज आला. ती "गाब्रिएल" म्हणाली. आणखी एकदा म्हणाली, हाक मारावी तशी. ओदिलने तोंडावर हात दाबून धरला. ती रडत होती आणि मीही रडत होते.

मग आईने काहीतरी विचारलं. ओदिलने माझ्याकडे पाहिलं. आईने पुन्हा विचारलं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतेय, शेवटच्या ओळीत एकच रेघ आहे का? त्या बाईंना सांग, म्हणतेय, नीट बघा. मागच्या वेळी त्यांना दिसलं नव्हतं. कदाचित अजून एक असेल."

मी उठले. कागद पुन्हा खिडकीशी नेला. भिंग लावलं, तिरपा धरून पाहिला, चकाकी टाळून पाहिला, पाठीमागून पाहिला. ओदिल माझ्याकडे बघत होती आणि फोनवर ती म्हातारी थांबली होती. मी शक्य तेवढा वेळ घेतला.

एकच होती.